मुळशीच्या पाण्यावर कोलाडला

शनिवार

२६ जानेवारी सोमवारी आली की शनिवारी सकाळी चांदणी चौकात काय परिस्थिती असते ते पुणेकरांना सांगायला नको. साडेसहाला निघायचं ठरवून आमची टेम्पो ट्रॅव्हलर साडेसातला हलली. आधी तळमजल्यावरच्या काकूंना दूधवाल्याला नाही म्हणून सांगायचं आठवलं, मग काकांना त्यांची टोपी. गाडीत सगळी इमारतीतलीच माणसं, शिवाय माझी नणंद आणि तिचा मुलगा.

राफ्टिंगची टूम ह्या भाच्याची. तो अकरावीत आहे, आपल्याला कधी काही होणार नाही याची माणसाला पक्की खात्री असते त्या वयात. आम्ही 'बघू' म्हटलं, त्याने तो होकार धरला आणि आगाऊ पैसे भरून टाकले. ताईंना, म्हणजे नणंदेला, पोहता येत नाही. मलाही नाही. तसं फोनवर सांगितलं तर कोलाडवाला म्हणाला, "मॅडम, काळजी करू नका. पोहता येणारेच जास्त त्रास देतात."

कोलाड हे मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव, त्यामुळे मुंबईकर सरळ तिकडून येतात. पुणेकरांनी मात्र ताम्हिणीनेच यावं. जवळ पडतं हे एक, आणि दुसरं म्हणजे कोलाडच्या कुंडलिका नदीत ज्या पाण्यात नाव घालायची ते पाणी आधी भेटतं. पौड मागे पडलं, माले गेलं की डाव्या-उजव्या वळणांतून मुळशीचं धरण दिसायला लागतं आणि मग बराच वेळ ते सोबत सोडत नाही. जानेवारीत डोंगर पिवळे पडायला लागलेले असतात, पाणी मात्र भरपूर आणि निळंशार. पावसाळ्यातली ताम्हिणी सगळ्यांनाच आवडते. मला आवडते ती ही, धबधब्याखाली मोबाईल धरून उभी राहिलेली माणसं नसलेली.

चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरभाऊ कठड्याशी उभे होते. मुळशी तालुक्यातलेच. पाण्याच्या मधोमध कुठेतरी बोट दाखवून म्हणाले, "आमचं जुनं गाव हितं खाली हाय." ज्या सुरात आपण 'आमचं जुनं घर सदाशिव पेठेत होतं' म्हणतो त्याच सुरात. "पणजोबांच्या टायमाला उठवलं. आबा सांगतात, त्यांनीबी ऐकलेलंच."

शाळेत मुळशी सत्याग्रह चार ओळींत शिकलो होतो. टाटांच्या वीज कंपनीने मुळा-नीला संगमावर धरण बांधायला घेतलं, खोऱ्यातली बावन्न गावं त्यात जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळे कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ह्या लढ्यातून 'सेनापती' झाले आणि पुढे त्यांची अनेक वर्षं तुरुंगात गेली. धरण व्हायचं ते झालंच. चार ओळी एवढ्याच. पाण्याच्या कडेला, ज्याचं गाव खाली आहे त्याच्यासोबत कटिंग चहा पिताना त्या वेगळ्या लागतात.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. ह्या विषयावर ते आपण होऊन बोलणार हे ठरलेलंच होतं. त्यांनी चहाचा कागदी कप कठड्यावर ठेवून समजावलं. मुळा ही पूर्ववाहिनी. पुण्यात संगम पुलाशी ती मुठेला भेटते, पुढे भीमा, मग कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. धरणाने तिला अडवलं आणि पश्चिमेकडे वळवलं. डोंगराच्या पोटातून बोगदा, तिथून नळांमधून खाली कोकणात भिऱ्याला. उतार पाचशे मीटरच्या आसपास. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७, अशी ही मुंबईला वीज देणारी तीन भावंडं. भिऱ्याचं जुनं केंद्र दीडशे मेगावॅटचं. नंतर नव्वदच्या दशकात तेवढाच आणखी एक संच बसवला, तो उलटाही फिरतो: विजेची मागणी नसेल तेव्हा खालचं पाणी परत वर मुळशीत चढवतो.

"म्हणजे तेच पाणी दोनदा विकायचं?" ताईंनी विचारलं.

"विकायचं नाही हो, साठवायचं," काका जरा दुखावले. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि त्याच्या खाली टेलरेसवर, म्हणजे केंद्रातून सुटलेलं पाणी वाहून नेणाऱ्या चरावर, आमचं केंद्र. चाळीस-चाळीसचे दोन संच. टाटांनी सोडलेल्या पाण्यावर आम्ही पुन्हा वीज करतो." निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी 'आमचं' सुटलेलं नाही.

घाट उतरून विळ्याला आलो तर स्वेटर काढावे लागले. इथून भिऱ्याकडे रस्ता जातो. उन्हाळ्यात ह्या भागात येऊ नये असं काकांचं मत. २०१७ च्या मार्चअखेरीस भिऱ्यात ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, चंद्रपुरात नव्हे, रायगडात. आम्ही सुतारवाडीवरून कोलाडला पोहोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती आणि कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. पिठलं-भाकरी, ठेचा आणि आमटीभाताने संबंध पूर्ववत झाले.

संध्याकाळी तंबूंच्या मागून नदीवर उतरलो आणि भाच्याचा चेहरा पडला. कुंडलिका म्हणजे गोट्यांमधून वाट काढत चाललेला एक प्रवाह. म्हशी आरामात पलीकडे जात होत्या, पाणी त्यांच्या पोटालाही लागत नव्हतं. "मामी, ह्याच्यात राफ्टिंग?" तो म्हणाला. तेवढ्यात कॅम्पवरचा एक मुलगा दोर गुंडाळत चालला होता. तो न थांबता म्हणाला, "आता नाय ओ. सकाळी बघा."

बाकीचं काकांकडून कळलं. भिऱ्यात वीज केव्हा करायची त्यावर पाणी केव्हा सुटणार ते ठरतं. ते खाली डोलवहालच्या बंधाऱ्याशी अडतं, तिथून काही कालव्यांना जातं, काही कारखान्यांना आणि ठराविक वेळी नदीत सोडलं जातं. म्हणून कोलाडला राफ्टिंग भर हिवाळ्यातही चालतं आणि म्हणूनच ते सकाळीच चालतं. दुपारनंतर नदी उतरते. पावसावरच्या नद्यांचं तसं नाही, त्या त्यांच्या मर्जीने येतात. ही वेळापत्रकावर धावते, आणि राफ्टवाल्यांचा सगळा धंदा त्या वेळापत्रकावर उभा आहे.

रात्री पोपटी होती. रायगडात जानेवारीत येऊन पोपटी न खाता जाणं म्हणजे आलोच नाही असं समजावं. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा चोळलेल्या. मध्ये बटाटे, रताळी, मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, वर पुन्हा शेंगा. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं जमिनीवर पालथं घातलं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ केला. पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या तासाने मगाचच्याच मुलाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवले, चर्र आवाज ऐकला आणि मान हलवली. "झाली." पाल्याचा कडवट-रानटी वास शेंगेच्या आतल्या दाण्यापर्यंत गेलेला असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यातल्या नवऱ्याने अंडी किती खाल्ली ह्याचा हिशेब बायकोने ठेवला नाही, आणि त्याचा परिणाम सकाळी दिसला.

रविवार

पोहे, चहा आणि एक छापील कागद. मला काही झालं तर जबाबदारी माझी, अशा अर्थाचा. काकूंनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला, असं करणाऱ्या त्या एकट्याच. चौदा वर्षांखालच्यांना नावेत घेत नाहीत, गरोदर बायकांना नाही, हृदयाचं दुखणं असेल तर नाही. काकांचा रक्तदाब गोळीवर असतो हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. गाइडने दोन-चार प्रश्न विचारले आणि मग हो म्हटलं.

अंडी खाल्लेला नवरा तंबूतच राहिला. त्याची जागा मोकळी, पैसे भरलेले. भाच्याने ड्रायव्हरभाऊंना ओढलं. ते नको नको म्हणत होते, पण चपला आधीच काढून ठेवलेल्या.

जीपच्या टपावर राफ्ट बांधून वर साजे गावाकडे गेलो. तिथपासून खाली बारा-एक किलोमीटर नदीने यायचं. काठावर लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चढवण्याचा कार्यक्रम बराच वेळ चालला. जॅकेटचे पट्टे गाइड स्वतः ओढून बघतो, आणि खांद्याला धरून वर उचलून बघतो. ते कानापर्यंत सरकलं तर पुन्हा आवळतो. श्वास घेता येत नाही अशी तक्रार करायची नसते.

आमचा गाइड नदीपलीकडच्या एका वाडीतला, तिशीच्या आतला. आधी धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार होता, मग ऋषिकेशला जाऊन शिकून आला. सोबत कयाकवर, म्हणजे एकट्याच्या लहान नावेत, जो सुरक्षेला होता तो नेपाळचा, त्याला सगळे दाजू म्हणत. गाइडने वल्हं हातात घेऊन पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे वरची आडवी मूठ कधीही सोडायची नाही. "इथे लोकांना दगड लागत नाय. बाजूवाल्याची ही मूठ लागते, दातावर." दुसरी गोष्ट, पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही. पाणी कमरेएवढं दिसलं तरी नाही. दगडांच्या फटीत पाय अडकतो आणि मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे पाडून दाबून ठेवतो. उताणं व्हायचं, पाय पुढे आणि वर, राफ्टच्या कडेचा दोर धरायचा. तिसरी गोष्ट, ओढून घेताना हाताला धरून ओढायचं नाही, जॅकेटच्या खांद्यांना धरायचं. हे सगळं त्याने भाच्याला जमिनीवर उताणं पाडून करून दाखवलं.

मग आम्ही वाट बघत बसलो. पाणी यायचं होतं.

काठाशी एक काळा फत्तर होता. गप्पा मारताना गाइडचं लक्ष तिकडे जातंय हे माझ्या लक्षात आलं. त्याच्या बुडाशी आधी कोरडी वाळू होती. ती ओली झाली. मग पाण्याची एक पातळ जीभ फत्तराच्या मागून फिरून आली, मागे गेली, पुन्हा आली आणि परत गेलीच नाही. आवाज नव्हता काही, लोंढा वगैरे नव्हता. पाच-दहा मिनिटांत फत्तराचा अर्धा भाग बुडाला, अडकून पडलेली पानं-काड्या हलून निघाल्या आणि समोरचा गोट्यांचा पसारा दिसेनासा झाला. संध्याकाळी जिथे म्हशी चालत होत्या तिथेही आता हीच नदी पोहोचणार होती. गाइड उठला. "चला. आली."

राफ्टमध्ये आत बसायचं नसतं, बाहेरच्या फुगवट्यावर बसायचं असतं. हे ताईंना तेव्हा कळलं. "आणि धरायचं कशाला?" "कशालाच नाही. पाय आत आडव्या ट्यूबखाली खुपसा. वल्हं मारत राहिलात की तोल आपोआप राहतो. थांबलात की पडाल." मागे गाइड, आम्ही आठजण दोन बाजूंना. पुढच्या दोघांवर बाकीच्यांचा ठेका ठरतो, म्हणून गाइडने पुढे भाचा आणि ड्रायव्हरभाऊंना बसवलं. पहिल्या शंभर मीटरमध्ये भाच्याचा वेग आणि ड्रायव्हरभाऊंचा वेग ह्यांचा काही मेळ बसेना, मागे आमची वल्ही एकमेकांवर आपटायला लागली. गाइडने भाच्याला मागे घेतलं आणि त्याच्या जागी काकूंना बसवलं. सगळ्यांना वाटलं चेष्टा आहे. "काकू मघापासून बरोबर मारतायत," तो म्हणाला.

काकूंनी वल्हं घेतलं आणि त्या मोजायला लागल्या. 'वन-टू' नाही. "ग्यानबा-तुकाराम, ग्यानबा-तुकाराम." आळंदी ते पंढरपूर पायी गेलेल्या बाईला ठेका शिकवायला नको. ड्रायव्हरभाऊंचाही तो अंगातलाच. 'ग्यानबा'ला वल्हं पाण्यात, 'तुकाराम'ला बाहेर, आणि मागचे आम्ही आपोआप त्यात ओढले गेलो. राफ्ट सरळ चालायला लागली.

नद्यांच्या खळाळांची सहा ग्रेड असतात. पहिली म्हणजे नुसतं वाहतं पाणी, सहावी म्हणजे जिवाशी खेळ. कुंडलिका दोन-तीनच्या मधली. हे ऐकून नाक मुरडणारे असतात, गंगेवर जाऊन आलेले. त्यांनी गंगेवर जावं. पोहता न येणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईला पहिल्या दिवशी हवी ती हीच नदी: लाट अंगावर येते, पोटात गोळा येतो, आणि पुढे नेहमी शांत पाणी असतं ज्यात पडलेलं माणूस उचलून घेता येतं.

पहिल्या मोठ्या खळाळाला गाइड मंडळींनी 'मॉर्निंग हेडेक' म्हणून ठेवलंय. त्याच्या आधी गाइडने पाणी वाचायला शिकवलं. पाण्यावर इंग्रजी 'व्ही' दिसतो. त्याचं टोक खाली, प्रवाहाच्या दिशेने असेल तर ती वाट, दोन दगडांमधून सगळं पाणी तिथे गोळा होतंय. टोक आपल्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली दगड बसलाय. एवढं कळलं आणि मग नदी अक्षरशः वेगळी दिसायला लागली. तोवर नुसता फेस दिसत होता, आता रस्ते दिसत होते.

"फॉरवर्ड! जोरात!" काकूंचा गजर द्रुत लयीत गेला. राफ्टचं नाक खाली गेलं, समोर पाण्याची भिंत, ती काकू आणि ड्रायव्हरभाऊ दोघांच्या डोक्यावरून माझ्यापर्यंत आली. जानेवारीचं पाणी! ओरडायला तोंड उघडलं त्यात अर्धा पेला गेला. राफ्ट मधोमध वाकली, उघडली, एका बाजूला कलली, मागून गाइडने वल्हं कुठेतरी रुतवून तिला गर्रकन फिरवलं आणि आम्ही उलट्या तोंडाने खळाळाबाहेर आलो. काका एकदम म्हणाले, "वल्हं गेलं." वल्हं थोडं पुढे तरंगत होतं. दाजू कयाक घेऊन गेले, वल्हं आणून दिलं, आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने काकांना नमस्कार केला.

पुढे 'राजधानी एक्सप्रेस' आणि इतरही बरेच होते, नावं सगळी लक्षात नाहीत. राजधानीत भाचा पडला. पडला म्हणजे, मला दाट संशय आहे, पडू दिला. उताणा झाला, पाय वर, सगळं शिकवल्याप्रमाणे. ताईंनी त्याला जॅकेटच्या खांद्यांना धरून असं काही आत ओढलं की दोघं राफ्टच्या तळात जाऊन पडले. त्यानंतर ताई वल्हं मारताना वेगळ्याच दिसत होत्या. पोहता येत नाही हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

अर्ध्या वाटेनंतर नदी रुंद आणि संथ झाली. दोन्ही काठांवर झाडी, मागे सह्याद्रीची भिंत. पाण्यातल्या खडकांवर पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे, एका फांदीवर खंड्या. कोणीतरी मगरींची चौकशी केलीच. "त्या सावित्रीत, महाडला," गाइड म्हणाला. "इथे मी एवढी वर्षं फिरतोय, एक नाय बघितली." मग त्याने वल्ही आत घ्यायला लावली आणि सांगितलं, ज्यांना पाण्यात उतरायचंय त्यांनी उतरा.

सगळ्यात आधी काकू उतरल्या. मी सगळ्यात शेवटी. जॅकेट पाण्यात माणसाला असं वर धरून ठेवतं की बुडायचं म्हटलं तरी जमत नाही, हे डोक्याला कळतं पण पायांना कळायला वेळ लागतो. उताणी झाले, कान पाण्याखाली गेले, वरचं सगळं बोलणं बंद. हातापायांना काही करावं लागत नव्हतं.

कान वर काढले तेव्हा काका बायकोला भूगोल सांगत होते. तेही तरंगतच. "हे पाणी मुळात आपल्या मुळेचं. धरण नसतं तर पुण्यावरून, भीमेतून..."

"भीमेतून म्हणजे?"

"म्हणजे भीमेतून. दौंड, उजनी..."

"पंढरपूर?"

काका थांबले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ह्या बाजूने त्यांनी विचार केलेला नसावा. "हो. पंढरपूर."

काकूंनी ओंजळ भरली, कपाळाला लावली. हेल्मेटमुळे ते नीट जमलं नाही, पाणी नाकावरून खाली आलं. "चंद्रभागेचंच की मग," त्या म्हणाल्या, आणि गाइडला विचारलं, पुढे आणखी खळाळ आहे का? त्यावर काका मुंबईच्या लोकलबद्दल, गिरण्यांबद्दल, ह्या पाण्याशिवाय १९२७ नंतरची मुंबई कशी चालली असती ह्याबद्दल काहीतरी सांगत होते. खोटं नव्हतं त्यातलं काही. पण त्या वेळी त्यांच्याकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

दोन तासांच्या आसपास लागले असतील. काठाला लागलो तेव्हा हात खांद्यापासून वेगळे झाल्यासारखे वाटत होते. राफ्ट उचलून वर न्यायची असते, पाहुण्यांनीच. हे कोणी आधी सांगत नाही. जेवायला तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, वालाचं बिरडं आणि सोलकढी. दहा मिनिटं ताटातून मान वर झाली नाही.

जेवल्यावर ड्रायव्हरभाऊ आंब्याच्या सावलीत बसून कोणाला तरी फोनवर सगळं सांगत होते. हसत होते. फोन ठेवल्यावर ताईंनी विचारलं, घरी? "आबांना सांगत व्हतो." मग पुढच्या खेपेला आबांनाही आणा की, पाणी थोडं कमी असताना, असं ताई म्हणाल्या.

"न्हाई येणार ते. म्हनाले, आपलंच पानी, आन् आपल्यालाच दीड हजार?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सोलकढीची वाटी तोंडाला लावली.

दुपारी सगळे झोपले. चारनंतर मी एकटी नदीवर गेले. फत्तर कुठला असेल असं उगाच शोधलं, पण तो वर साज्याकडे राहिला होता. पाणी उतरलं होतं, म्हशी परतल्या होत्या. एक कातकरी बाई आणि दोन मुली गोट्या उलथून खेकडे धरत होत्या. नदी बंद असण्याच्या वेळेवर त्यांचं काम चालतं. मी दहा मिनिटं बघत उभी राहिले, तेवढ्यात त्यांनी चार पकडले. विकणार का, विचारलं. नाही म्हणाल्या, घरीच खायला.

सोमवार

सकाळी गावातल्या शाळेची प्रभातफेरी कॅम्पवरून गेली. मुलांच्या हातात झेंडे, पुढे लेझीम. कोलाडहून परत ताम्हिणीने दुपारपर्यंत घरी, असा बेत होता. पण काकूंना आता नदी कुठे जाते ते बघायचं होतं, आणि कालपासून काकूंचं ऐकायची सगळ्यांना सवय लागलेली.

त्यामुळे रोहा. कुंडलिका रोह्याच्या कडेने जाते. रोह्याआधी धाटावची औद्योगिक वसाहत लागते, त्या बाजूने जाताना खिडक्या लावून घेतल्या. गाइड आधी इथेच कुठेतरी काम करत होता. परत यायचा विचार आहे का, असं काल त्याला विचारलं होतं तेव्हा तो नुसता हसला होता. रोह्याच्या पुढे नदी हळूहळू खाडी होते. रुंद, मातकट, भरतीला उलट वाहणारी. काठाला खारफुटी. ज्या पाण्यात काल तळाचे गोटे दिसत होते ते हेच, असं सांगितलं तर पटणार नाही.

साळावला खाडीवरचा पूल, पलीकडे रेवदंडा. आम्ही पुलावर न जाता अलीकडेच कोर्लईला गेलो. खाडीच्या तोंडाशी समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्यावर किल्ला. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. खालच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलतात, जगात दुसरीकडे कुठेही न बोलली जाणारी. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढलो. म्हणजे भाचा आणि ड्रायव्हरभाऊ चढले, बाकीचे खांदे-मांड्या धरत वर पोहोचलो.

वरून सरळ दिसतं: एका बाजूला खाडी, एका बाजूला अरबी समुद्र, मध्ये रंग बदलण्याची वाकडीतिकडी रेघ. काका बराच वेळ हिशेब करत होते, मुळशीतून निघालेलं पाणी इथे पोहोचायला किती तास लागत असतील. भाच्याने मोबाईल काढला. दोघांची उत्तरं जुळेनात, कारण मधल्या बंधाऱ्यात पाणी किती वेळ थांबतं आणि भरती-ओहोटी कशी धरायची ह्यावर त्यांचं एकमत नव्हतं. काकू तटावर बसून शेंगदाण्याची चिक्की खात होत्या.

रेवदंड्याला जेवलो. बोंबील तळलेले, कोलंबीची आमटी, शाकाहाऱ्यांना बटाट्याची भाजी आणि सहानुभूती. निघताना वाद झाला. ताम्हिणीने परत जायचं तर अंधार होणार होता, आणि ड्रायव्हरभाऊंचेही खांदे भरून आले होते. वडखळ, पेण, खोपोलीमार्गे महामार्ग धरला. जोडून आलेल्या सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी हा रस्ता धरणाऱ्यांचं जे होतं तेच आमचं झालं. पेणला अर्धा तास गाडी हललीच नाही, तेवढ्यात काकूंनी उतरून पोह्याचे पापड घेतले. खोपोलीला वीजकेंद्राच्या दिशेने बोट दाखवून काका म्हणाले, "१९१५." मागून कोणीतरी म्हणालं, "काका, झोपू द्या." घाट चढून वर आलो तेव्हा भाचा मोबाईलवर तिसऱ्या-चौथ्या ग्रेडच्या नद्यांचे व्हिडिओ बघत होता, आणि ताई त्याच्या खांद्यावरून वाकून विचारत होत्या की तिथे वयाची अट काय आहे.